खिडकीजवळचं चाक

ज्याला देवानं दोन डोळे दिलेत त्यानं महिन्यातून एकदा तरी एक झाकून दुसऱ्यानं बघावं. भिंतीवरचं कॅलेंडर बघावं, दाराची चौकट बघावी. आधी हा डोळा, मग तो. खरं तर एवढंच सांगायला मी ही पानं लिहायला घेतली. पण नुसतं एवढंच लिहिलं तर कुणी मनावर घ्यायचं नाही, म्हणून माझं कसं झालं तेही लिहिते.

मला बोलायला जमत नाही. चार बायकांत बसले तरी आवाज घशातच राहतो. चौथीनंतर शाळा सुटली, पण लिहिता-वाचता येतं ते टिकवून ठेवलं. लेकीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी होती. लेक लग्न होऊन गेली, वह्या इथंच आहेत. हे कुणाला दाखवायचं ते अजून ठरवलेलं नाही.

माझं काम

पाटोद्यात आमचा फोटो स्टुडिओ आहे. पुढं दुकान, मागं घर. घरात मी, हे आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. लग्नाच्या फोटोंचं काम पूर्वी हे एकटेच करायचे. पण नवरीच्या खोलीत परका माणूस आला की बायका पदर सावरून बसायच्या, आणि फोटोत सगळ्यांची तोंडं आखडलेली यायची. एकदा ह्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू जा आत. बटन दाबायचं, बाकी कॅमेरा करतो."

मी गेले आणि मला ते काम आवडलं. कारण डोळ्याला कॅमेरा लावला की माणसं माझ्याकडं बघत नाहीत, कॅमेऱ्याकडं बघतात. हळद, बांगड्या, डोहाळजेवण, बारसं, अशी बायकांची कामं पुढं माझ्याकडंच आली. बायका म्हणायच्या, "ती फोटोवाली काकूच पाठवा, ती कायच बोलत न्हाई."

आता त्या चाकाचं सांगते, कारण सगळं त्याच्यापायी झालं. मोठ्या कॅमेऱ्याला मागं बारकी खिडकी असते. तिला डोळा लावून समोरचं बघायचं. खिडकीच्या कडेला हरभऱ्याच्या दाण्याएवढं चाक असतं. प्रत्येकाच्या डोळ्याचा नंबर वेगळा, म्हणून ते फिरवून आपल्या डोळ्याला जुळवून घ्यायचं. त्या चाकाचा फोटोवर काहीच परिणाम होत नाही. चेहरा स्वच्छ धरायचं काम कॅमेरा आपलं आपण करतो आणि पीप असा आवाज देतो. चाक फक्त बघणाऱ्यासाठी असतं.

नथ

ऊसतोडीच्या टोळ्या गावाबाहेर पडल्या की आमच्याकडं थोडी सुस्ती येते. त्या दिवसांतच मला पहिल्यांदा खिडकीतून थोडं अंधुक दिसलं. मी चाक जरा फिरवलं. बरं वाटलं. पंधरा दिवसांनी पुन्हा अंधुक. पुन्हा फिरवलं.

आमच्याकडं मोठा कॅमेरा एकच. संध्याकाळी ह्यांनी तो डोळ्याला लावला आणि ओरडले, "हे चाक कुणी फिरवलं? सारं धुकं दिसायलंय मला!"

मी म्हटलं, "मी."

"चाकाला कावून हात लावतीस गं? एकदा बसवलंय ते बसवलंय."

त्यांनी ते आपल्या डोळ्याला जुळवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी फिरवलं. ते पुन्हा मागं. असं किती दिवस चाललं असेल याची मला आता लाज वाटते. आम्ही दोघं एका घरात, ताटाला ताट लावून जेवणारे, आणि एका चाकावरून न बोलता भांडत होतो. मला वाटायचं, कॅमेरा जुना झाला. त्यांना वाटायचं, बायकोला चाळा लागला.

मग शिरूर कासारकडचं एक लग्न आलं. नवरीची आई दारात, नवरी पाटावर. मी खिडकीला डोळा लावला आणि नवरीच्या नाकाकडं पाहिलं. नथ नव्हती. मी कॅमेरा खाली घेतला. नथ होती, मोत्याची, मोठी. पुन्हा डोळ्याला लावला. नथ गेली. नुसती नथ नाही, नाकच गेलं. गाल दोन्ही बाजूंनी आत ओढल्यासारखे दिसत होते. मी कपाळाकडं पाहिलं तर कुंकू नाहीसं झालं आणि नथ कडेला परत आली. जे बघावं तेच नाहीसं होत होतं.

नवरी म्हणाली, "काकू, नथ वाकडी झाली का?"

मी म्हटलं, "नाही. चांगली आहे."

मला दिसली नव्हती. तरी मी तसं सांगितलं. पीप असा आवाज आला आणि मी बटन दाबलं. फोटो अगदी स्वच्छ आला, नथेतला एक एक मोती मोजून घ्यावा असा. त्या फोटोनंच माझा घात केला. फोटो चांगला आहे म्हणजे माझं बघणं चांगलं आहे, मग बिघाड खिडकीतच असणार, असं मी मनाशी धरून बसले. शिवाय कॅमेरा खाली घेतला की सगळं नीट दिसायचं. दोन्ही डोळे उघडे असले की डावा उजव्याची उणीव झाकून घेतो, हे मला कुठून कळणार?

ह्यांनी माझ्या कटकटीला कंटाळून कॅमेरा दोनदा नगरला दुरुस्तीला नेला. दुसऱ्यांदा आले ते हसतच.

"आरसा साफ केलाय, खिडकी साफ केलीय. कॅमेरा ठणठणीत हाय म्हणला तो. बाईलाच दाखवून आणा म्हणला."

आम्ही दोघंही हसलो. आत्याही हसल्या.

येसर

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी दुकानाच्या मागच्या दारात येसराचा मसाला कुटत होते. मिरचीचा खकाणा उडाला आणि डाव्या डोळ्यात गेला. आग आग झाली. मी डावा डोळा घट्ट मिटला, पदराचा बोळा करून दाबला आणि पाणी मागायला मान वर केली. दुपारची वेळ, दुकान बंद, समोर शटर आतून दिसत होतं. शटरच्या आडव्या पट्ट्या मधोमध चेपल्या होत्या. जशी कुणी बुक्की मारावी तशा. मला वाटलं, गाडी धडकली की काय.

आत्या तांब्या घेऊन आल्या. "काय झालं गं निर्मले?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. आत्यांना तोंड नव्हतं. केस होते, कान होते, खांद्यावरचा पदर होता. त्यांच्या कपाळावर रोज सकाळी तीन बोटांनी लावलेलं भस्म असतं, ते नव्हतं. मधे राखाडी डाग, बस.

माझ्या हातात कॅमेरा नव्हता. खिडकी नव्हती, चाक नव्हतं.

मी डावा डोळा उघडला, मिरची तशीच असताना. आत्या दिसल्या, तिन्ही पट्टे दिसले, शटर सरळ झालं. पुन्हा मिटला. पुन्हा सगळं गेलं. असं मी किती वेळा केलं कोण जाणे. आत्या ओरडत होत्या, "अगं डोळे मिचकावती काय, धू की!" एवढे दिवस मी कॅमेऱ्याला जे बोल लावत होते ते सगळं माझ्यातच होतं.

किती दिवस झाले?

नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून दोन तास बसवलं. मग एका यंत्रात हनुवटी टेकवून आतला फोटो काढला. डॉक्टरबाई होत्या, माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी फोटो आमच्याकडं वळवला. मला वाटलं होतं डोळ्यासारखं काही दिसेल. पण ती नुसती जाड रेघ होती, शेताच्या बांधासारखी, आणि मधोमध बांध फुटला होता.

"हा तुमच्या डोळ्याचा मागचा पडदा. बरोबर मधे भोक पडलंय. आपण ज्यानं बारीक बघतो तीच जागा. ताई, किती दिवस झाले?"

हे म्हणाले, "आठ-दहा दिवस."

डॉक्टरबाई माझ्याकडंच बघत राहिल्या. मला बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "पाच महिने."

ह्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"पाच महिने? आणि आलात आता?"

मग मी चाकाचं सांगितलं. तुटक तुटक, खाली बघत. चाक फिरवलं की जरा बरं वाटायचं. कॅमेरा खराब आहे असं वाटलं. दुरुस्तीला दोनदा नेला. बाई हसल्या नाहीत. हेही हसले नाहीत.

त्यांनी सरळ सांगितलं. ऑपरेशन करून डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडायचा. तो बुडबुडा भोकावर दाबून बसला तर ते मिटतं. तो तिथं बसावा म्हणून सात दिवस मान खाली ठेवायची, जेवताना, झोपताना, सगळं खालीच. "लवकर आला असता तर मी जास्त भरवशानं बोलले असते. मिटायची आशा आहे. पण मिटलं तरी पहिल्यासारखं दिसेल असं नाही."

मला विचारायचं होतं, मी फोटो काढू शकेन का? एवढाच एक प्रश्न होता. जीभ उचलली नाही. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं आणि आम्ही उठलो.

आम्ही एसटीनं परत निघालो. जामखेडला गाडी थांबली तेव्हा हे म्हणाले, "मला कावून सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही म्हणालात, चाकाला हात लावू नको."

ते खाली उतरले. गाडी सुटायच्या वेळी आले, हातात दोन केळी. एक मला दिलं. त्यांचे डोळे लाल होते. मी ते केळ पाटोद्यापर्यंत हातातच धरून ठेवलं.

दोरा

आम्हा लिंगायतांत बायकांच्याही गळ्यात लिंग असतं. चांदीच्या डबीत घालून दोऱ्यानं बांधलेलं. ते अंगापासून वेगळं करत नाहीत. माझं बाळंतपण झालं तेव्हाही केलं नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी हिरवा झगा घालायला दिला आणि सिस्टर म्हणाल्या, "गळ्यातलं, कानातलं सगळं काढून नवऱ्याकडं द्या." मी मंगळसूत्र काढलं, कानातलं काढलं. डबीवर हात ठेवून बसले.

"अहो, तेही काढा."

मी मान हलवली. त्यांचा आवाज चढला. "आत असलं काय चालत नाही. सगळ्यांना एकच नियम आहे."

मी फक्त डबी मुठीत धरली. हे बाहेर, मी आत, आणि मला वाटलं, आता ही डबी सिस्टर ओढून घेतील. तेवढ्यात दुसऱ्या एक सिस्टर आल्या, वयानं मोठ्या. त्यांनी माझी मूठ पाहिली. काही न विचारता डबी तशीच जंतू मारायच्या औषधानं पुसली, पांढऱ्या पट्टीत गुंडाळली आणि माझ्या डाव्या मनगटाला बांधून टाकली, सलाईनची पट्टी बांधतात तशी. "झालं? आता रडायचं नाही, डोळा ओला नको."

त्यांचं नाव मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

डोळा बधिर केला होता पण मी जागी होते. लोक म्हणतात काही दिसत नाही. मला दिसत होतं. पाण्यात शाई सोडावी तशा सावल्या फिरत होत्या, मधेच एक काळी काडी यायची आणि जायची. दुखत नव्हतं. पण हललं तर काय होईल या भीतीनं मी पायाची बोटं एवढी आखडून धरली की दोन दिवस पोटऱ्या दुखत होत्या.

सात दिवस खाली मान

जन्मभर मी खाली मान घालूनच वागले. माणसं बोलायला लागली की माझी नजर आपोआप त्यांच्या चपलांवर जायची. पण ठरवून, घड्याळ लावून, सात दिवस मान खाली ठेवणं ही वेगळीच गोष्ट आहे. पहिल्याच दिवशी मानेत खिळा ठोकल्यासारखं झालं. नाकातून सारखं पाणी. तोंडावर सूज. झोपेत उताणी झाले तर बुडबुडा सरकेल, म्हणून आत्या माझ्या पाठीशी उशी लावून बसायच्या आणि मी जरा वळले की पाठीवर चापट मारायच्या.

ह्यांनी स्टुडिओतलं फिरतं स्टूल आणलं. गोधडीची वळकटी करून त्यावर कपाळ टेकायला जागा केली, मधे श्वास घ्यायला पोकळी ठेवली. उंची तीनदा कमी-जास्त केली. गिऱ्हाइकाची हनुवटी वर-खाली करतात तसंच, फक्त आता हसायला सांगत नव्हते. ताट माझ्या दोन पायांच्या मधे जमिनीवर ठेवायचे. चहा नळीनं. कोण आलं ते मी पायांवरून ओळखायची.

बायका बघायला यायच्या. शेजारची रुक्मिणकाकू दारातूनच म्हणाली, "काय गं, नवऱ्याशी अबोला धरलाय का? तोंड तरी दाखव!" तिच्या जोडव्यांकडं बघून मला हसू आलं. पण बाकीच्या हळू आवाजात बोलायच्या, आणि खाली मान घातलेल्या माणसाला हळू आवाज जास्त ऐकू येतो.

"फोटो काढून काढून डोळा गेला म्हणं."

"त्या लाईटीचा झोत वाईट. बाईमाणसाला कशाला पाहिजे?"

तिसऱ्या दिवशी ह्यांना एका लग्नाचा फोन आला. ते लांब जाऊन बोलले, पण मला ऐकू आलं. "न्हाई, बायकांच्या खोलीतलं काम आमी आता बंद केलंय. दुसरा माणूस बघा." परत आले तेव्हा त्यांच्या चपला माझ्यासमोर थांबल्या.

"एकच डोळा राह्यलाय," ते म्हणाले. "तेवढा तरी जपू."

माझ्या नाकावरून पाणी जमिनीवर पडत होतं. ते डोळ्याचं की नाकाचं हे त्यांना कळलं नसेल.

त्या दिवशी संध्याकाळी आत्या पूजेला बसल्या आणि म्हणाल्या, "तू पण कर. मान खालीच हाय, मग अडतंय कुठं?"

आमच्या पूजेत डाव्या तळहातावर लिंग ठेवतात आणि त्याच्याकडं एकटक बघतात. पापणी लववायची नाही, मन हलवायचं नाही. मी मांडीवर हात ठेवला. उजव्या डोळ्यावर पट्टी होती. एकट्या डाव्या डोळ्यानं बघायला लागले. आधी नजर ठरेना. लिंग तळहातावरून डावीकडं सरकल्यासारखं वाटायचं. डोकं आपोआप वळून उजवा डोळा पुढं करायचं, जसं काही त्याच्याशिवाय बघायचं कुणाला ठाऊकच नाही. पण उरलेले दिवस दुसरं कामच नव्हतं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. सहाव्या-सातव्या दिवशी काळ्या लिंगावर दाराच्या उजेडाचा बारीक ठिपका मला स्थिर दिसायला लागला. तोवर मी त्याला पूजाच समजत होते; डावा डोळा एकट्यानं बघायला शिकतोय, हे तेव्हा कळलं.

मुकादम

पट्टी निघाल्यावर उजव्या डोळ्यात बुडबुडा दिसायचा. गवंड्याच्या पाणसळीत असतो तसा, मान हलवली की हलायचा. तो आठवडे लावून बारीक होत गेला आणि एका सकाळी नव्हता. नगरला पुन्हा यंत्रात हनुवटी टेकवली. डॉक्टरबाईंनी फोटो वळवला. बांध जुळला होता. पातळ, वाकडा, पण जुळलेला.

"मिटलं," त्या म्हणाल्या.

ह्यांनी दोन्ही हात जोडले. पण वाचायचा तक्ता आला तेव्हा उजव्या डोळ्यानं मला वरच्या दोनच ओळी दिसल्या. पट्ट्या पूर्वीइतक्या वाकत नव्हत्या, आत्यांना तोंड होतं, पण त्या तोंडावर कुणी तुपाचा हात फिरवल्यासारखं. बाई म्हणाल्या, अजून थोडं सुधारेल, फार नाही.

आम्ही उठलो. ह्यांनी दार उघडलं. आणि मी परत वळले. हे मी आजवर कधी केलं नव्हतं.

"डॉक्टरबाई, कॅमेऱ्यानं गेला का हो डोळा?"

"कुणी सांगितलं? कॅमेऱ्यानं असं होत नाही. उलट तुम्ही कॅमेरा वापरत होता म्हणून एक डोळा मिटून बघत होता. नाहीतर अजून वर्षभर कळलं नसतं."

"मग काढू का फोटो? डाव्यानं?"

त्यांनी ह्यांच्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडंच पाहिलं. "काढा की. डाव्याला काही होणार नाही. फक्त त्याची तपासणी चुकवू नका."

बाहेर तक्ता वाचून घेणारा माणूस आष्टीकडचा होता. त्यानं एका कागदाला मधे छिद्र पाडून माझ्या हातात दिला. "मावशी, दोन्ही हात लांब करा आणि ह्या छिद्रातून त्या घड्याळाकडं बघा." मी पाहिलं. घड्याळ अंधुक होतं. तो हसला. "बघा, उजव्यानंच बघितलं. सगळ्यांचा एक डोळा मुकादम असतो. टोळी त्याच्या मागं चालती. तुमचा मुकादम अधू झाला तरी मुकादमकी सोडायला तयार न्हाई."

"मग काय करायचं?" ह्यांनी विचारलं.

"दुसऱ्याला सवय लावायची. वेळ लागतो."

डावा

कागदावर लिहायला सोपं आहे. ह्यांनी होकार दिला नव्हता, नकारही दिला नव्हता. ते दुकानात नसले की मी कॅमेरा घ्यायची. हात आपोआप उजव्या डोळ्याकडं जायचा. डाव्याला लावला तर नाक मागच्या स्क्रीनवर चेपायचं, स्क्रीनवर तेलाचा डाग. उजवा अंगठा उजव्या डोळ्यात जायचा, ज्या डोळ्याला हातही लावू नका म्हणून सांगितलं होतं त्यातच! आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला उजवा डोळा एकटा मिटताच येत नव्हता. डावा मिटायची वीस वर्षांची सवय. उजवा मिटायला गेले की दोन्ही मिटायचे. आरशासमोर उभी राहून प्रयत्न करायची, तोंड नुसतं वेडंवाकडं व्हायचं. एकदा आत्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "कुणाला डोळा मारायचा शिकायलीस या वयात?"

एका दुपारी दमून उजवा डोळा उघडाच ठेवला. आणि लक्षात आलं, तो कॅमेऱ्याच्या मागं लपलेला आहे. त्याच्यासमोर काळं प्लॅस्टिक सोडून काही नाही. तो उघडा असला काय आणि मिटला काय. पूर्वी माझं अर्धं तोंड कॅमेऱ्याच्या बाहेर राहायचं. आता सगळंच झाकलं होतं. मला त्याचं बरं वाटलं.

मग आत्यांनीच घाट घातला. हे दुकानात असताना त्या नवं लुगडं नेसून, भस्म लावून स्टुलावर येऊन बसल्या. तेच स्टूल.

"माझा फोटो काढायचा. मेल्यावर भिंतीला लावायला."

हे म्हणाले, "आई, काय बोलतीस? थांब, लाईट लावतो."

"तू न्हाई. तू काढलेल्या फोटोत मी चोरासारखी दिसती. तिला दे."

"आई, तिचा डोळा..."

"तिला दोन हायत. तू सात दिवस तिची मान धरून बसला होतास का मी?"

ह्यांनी कॅमेरा माझ्याकडं दिला. हात सोडायला त्यांना वेळ लागला.

पहिला फोटो बिघडला. हात चुकून उजवीकडं गेला, मग घाईनं डावीकडं, आत्यांचं डोकं वरून कापलं गेलं. दुसऱ्यात त्या एका कडेला गेल्या. ह्यांचा श्वास मला मागं ऐकू येत होता. आत्या म्हणाल्या, "मला घाई न्हाई. मेल्यावरच लागायचाय."

मी डाव्या डोळ्याला खिडकी लावली. सगळं अंधुक. मग आठवलं, चाक ह्यांच्या डोळ्याला जुळवलेलं आहे. मी बोटानं ते हळू हळू फिरवलं. एक, दोन, तीन खटके. आणि धुक्यातून आत्यांचं कपाळ पुढं आलं. तळहातावरच्या लिंगाकडं बघायची तशी मी बघत राहिले, नजर न हलवता. भस्माचा पहिला पट्टा. दुसरा. तिसरा, जरा पुसट, त्यांचं करंगळीजवळचं बोट वाकडं आहे म्हणून. तिन्ही सरळ होते.

पीप असा आवाज आला. बटन मी त्याच्यानंतर थोड्या वेळानं दाबलं.

ह्यांनी फोटो पाहिला. सवयीनं कॅमेरा उचलून खिडकीला डोळा लावला. मला कळलं, त्यांना धुकं दिसतंय. त्यांचं बोट चाकाकडं गेलं. तिथंच थांबलं. मग त्यांनी कॅमेरा टेबलावर ठेवला, कात्रीनं चिकटपट्टीचा बारीक तुकडा कापला आणि चाकावर लावून नखानं दाबला.

"आता हे हलायचं न्हाई," ते म्हणाले. "मी मागच्या स्क्रीनवर बघून काढीन."

बायकांच्या खोलीतलं काम मी पुन्हा करते. पूर्वीपेक्षा हळू. नवऱ्यामुलीला थोडा वेळ थांबावं लागतं, आणि न दिसलेल्याला मी आता चांगलं म्हणत नाही. "थांब जरा," म्हणते. एवढं बोलायला जमतं.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पूजा झाली की आम्ही तिघं दुकानात येतो. शटर खाली ओढतो आणि त्याच्यासमोर ओळीनं उभं राहतो. आधी आत्या, मग हे, शेवटी मी. एक डोळा झाकायचा, मग दुसरा. माझी पाळी आली की मी तळहातानं उजवा झाकते. वरून खाली मी एक एक पट्टी मोजते. हे शेजारी उभे असतात.

"सरळ हायत का?" ते विचारतात.

शेवटच्या पट्टीपर्यंत पोचल्याशिवाय मी उत्तर देत नाही.

"हायत," मी म्हणते. मग ते शटर वर ढकलतात.